अहोंचा अर्धवट डाव

आमच्या घरातल्या कॉम्प्युटरची मालकीण मी आहे. हे मी नाही म्हणत, कॉम्प्युटरच म्हणतो. आणि त्याला तसं सांगून ठेवलं ते आमच्या ह्यांनी.

भाईंदरच्या केबिन रोडवरच्या एका दुकानातून तो सेकंडहँड आणला, तेव्हा हे नुकतेच रिटायर झाले होते. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर होते. इतकी वर्षं पत्र्याच्या खडखडाटात काढली की हळू बोललेलं ऐकूच यायचं नाही. रिटायर झाले आणि घर एकदम शांत, माणूस मात्र बेचैन. सिल्व्हर पार्कमधल्या वन बीएचकेत पुरुषमाणूस बेचैन झाला की बाईच्या पायात येतो. मी डबे करायचे, अजूनही करते. सकाळी माझ्या ओट्यावर हात टेकायला जागा नसते, आणि हे मधेच येऊन विचारणार, "आमटीत मीठ घातलंस का?" शेवटी पुण्याहून मुलगीच म्हणाली, "आई, बाबांना एक कॉम्प्युटर घेऊन टाक. तुझी सुटका होईल."

दुकानातला माणूस घरी बसवून द्यायला आला. "काकी, मशीन पुरानी है, विंडोज घिसटेगा. लिनक्स डाल दिया है, मक्खन चलेगा." मला काय, दोन्ही सारखीच. मग त्याने विचारलं, "अ‍ॅडमिन किसको रखने का?" म्हणजे ज्याचा सगळ्या मशीनवर हुकूम चालणार तो माणूस कोण. ह्यांनी पेपरमधून मान वर न काढता सांगितलं, "इनको रखो. यहाँ वैसे भी इन्हीं का चलता है." तो माणूस खीखी करून हसला. मी चहाचा कप जरा आपटूनच ठेवला. पण झालं असं की पहिलं खातं माझं उघडलं, पासवर्ड माझा, अधिकार सगळे माझे. आणि ज्यांच्यासाठी वस्तू आणली ते आपले पाहुणे.

मी त्यावर डब्यांचा आठवड्याचा मेनू टाईप करायला शिकले. ह्यांनी मात्र दुसऱ्याच दिवशी पत्ते शोधून काढले. एकट्याने लावायचा डाव असतो ना, लालवर काळा, काळ्यावर लाल, राजापासून उतरत यायचं, एक्के वर चढवायचे. बास. माणूस हरवला की हो! जेवायला तीनतीनदा हाका. आणि हे सगळं माझ्या खात्यात. मी मेनू करायला बसावं तर मागे हिरव्याऐवजी चॉकलेटी रंग, अक्षरं एवढाली मोठी, माझी फाईल कुठे गेली पत्ता नाही. एक दिवस मी अशी काही तडकले, की मुलीने फोनवरूनच तह घडवून आणला. "आई, बाबांना वेगळं खातं बनवून दे. तू अ‍ॅडमिन आहेस, तुलाच बनवता येईल. मी सांगते तसं कर."

तिने सांगितलं तसं केलं. हे शेजारी स्टूल घेऊन बसलेले. एका ठिकाणी ती म्हणाली, "आता बाबांचं नाव टाक. इंग्रजीत, सगळी अक्षरं लहान." आणि माझी बोटं तिथेच थांबली.

आता कोणी हसेल, पण मी ह्यांचं नाव घेत नाही. आमच्या रत्नागिरीकडे आमच्या वयाच्या बायका घेतच नसत. लग्नात उखाण्यात घेतलं, बारशाला, हळदीकुंकवाला बायकांनी अडवलं तर घेतलं, तेही चार ओळींत गुंडाळून. एरवी हे, अहो, हिचे बाबा. बँकेत मॅडमनी "मिस्टरांचं नाव?" विचारलं की मी आधारकार्ड पुढे सरकवायचे. मुलगी कितीदा ओरडली, कुठल्या जमान्यात राहतेस म्हणून. जमान्याचा प्रश्न नाही गं. सवयच नाही जिभेला. आणि त्या दिवशी कळलं, बोटांनाही नाही.

ह्यांना लगेच समजलं. हे स्टुलावर बसून मिशीत हसायला लागले. "टाक की. का उखाणा हवाय?"

"गप्प बसा."

"लिनक्सच्या दारात ठेवली तांदळाची रास..."

"गप्प बसा म्हटलं ना!" आणि मी रागाच्या भरात ए एच ओ अशी तीन अक्षरं दाबली आणि एंटर मारला. कॉम्प्युटरने मुकाट्याने घेतलं. तेव्हापासून मशीन चालू केलं की पडद्यावर दोन नावं यायची. वर माझं, खाली aho. हे इतके हसले, इतके हसले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मुलगी फोनवरून विचारत राहिली, पण तिला आम्ही सांगितलं नाही. आमच्या दोघांतच ठेवलं.

मग दुपारची एक पद्धत पडून गेली. डबे रिकामे होऊन परत आले, घासून झाले, की मी चहा टाकायचे. हे त्यांच्या खात्यात शिरून डाव लावून बसलेले असायचे. मी ह्यांचा कप टेबलावर ठेवायचे आणि आपला घेऊन खुर्चीच्या मागे उभी राहायचे. बसायचे नाही. बसलं की उठवत नाही मला. मागे उभं राहिलं की सगळे पत्ते दिसतात, खेळणाऱ्याला दिसत नाहीत ते आधी दिसतात, आणि मग तोंड कसं बंद ठेवायचं?

"अहो, काळी दश्शी."

"दिसतेय."

"मग उचला ना."

"विचार करू दे."

"त्यात कसला विचार? लाल गुलाम मोकळा बसलाय."

"तू खेळतेस का मी खेळतोय?"

रोज हेच. कप रिकामा होईपर्यंत माझी टकळी चालू, आणि कप रिकामा झाला तरी मी तिथेच. शेजारची गुजराती भाभी म्हणायची, "आप दोनों दोपहर में लड़ते बहुत हो." म्हटलं, भाभी, लड़ाई नहीं, पत्ते चल रहे हैं.

शेवटचा जो डाव होता, त्यात किल्वरची सत्ती होती. मला आजही डोळे मिटले की दिसते. तिसऱ्या रांगेत सत्ती, आणि त्या टोकाला बदामची अठ्ठी उघडी. उचलायची आणि ठेवायची, अगदी सरळ. हे उचलेनात. मी सांगून सांगून थकले. "घाई करू नकोस, विचार करू दे." दुसऱ्या दिवशी तोच डाव. तिसऱ्या दिवशी तोच. मी म्हटलं, अहो, हा डाव काय गणपती विसर्जनापर्यंत चालणार आहे का? हे नुसते हसले आणि चहा पिऊन मशीन बंद केलं. बंद केलं तरी डाव जात नाही, जसा ठेवला तसा राहतो, पुन्हा उघडला की तसाच पुढे येतो.

त्याच आठवड्यात ह्यांच्या पोटात दुखायला लागलं. आधी आम्ही ओवा, हिंग, सगळं केलं. मग डॉक्टर, मग सोनोग्राफी, मग आणखी कसली कसली तपासणी. अ‍ॅडमिट करायचं ठरलं त्या दिवशी रिक्षा खाली उभी होती, मी पिशवीत टॉवेल भरत होते, आणि हे टेबलाजवळ उभे राहून बंद पडद्याकडे बघत होते. मी म्हटलं, "चला आता. ती सत्ती पळून नाही जात." हे म्हणाले, "आल्यावर बघू."

आले नाहीत.

त्यानंतर पुष्कळ दिवस मी त्या खोलीतल्या टेबलावर नुसतं फडकं मारत होते. डबे थांबवले होते, ते पुन्हा सुरू केले, कारण घरात बसून भिंती खायला उठायच्या. मेनू टाईप करायला मशीन लावायला लागलं. लावलं की दोन नावं. वर मी, खाली aho. मी माझ्यावर क्लिक करायच्या ऐवजी कधी कधी खालच्या नावावर करायचे. पासवर्डची चौकट यायची. तिच्यात ती उभी रेघ लुकलुकत राहायची. मी थोडा वेळ बघायचे आणि मागे यायचे. पासवर्ड मला ठाऊक नव्हता. हे टाईप करताना खांदा आडवा धरायचे, परीक्षेत पोरं धरतात तसा. मी विचारलं होतं एकदा, तर म्हणाले, "सगळं तर तुझ्या हातात आहे. एवढं एक राहू दे माझं."

मला काय हवं होतं ते सांगते. मला तो डाव बघायचा होता. ह्यांचे फोटो आहेत घरात, शर्ट आहेत, घड्याळ आहे, चपला तर मी अजून दाराशीच ठेवल्यात. पण ते सगळं झालेलं, संपलेलं. तो डाव तेवढा मध्यावर होता. ह्यांचा हात जिथे थांबला तिथे सगळे पत्ते अजून बसलेले होते, त्या मशीनच्या आत, आणि मला ते दिसत नव्हते. माझ्या खात्यात तो खेळ उघडला की नवाच डाव यायचा. कोणाचे तरी परके पत्ते. मी लगेच बंद करायचे. जीव तुटतो म्हणतात ना, तसं व्हायचं. पत्त्यांसाठी बाईचा जीव तुटतो असं सांगितलं तर लोक म्हणतील डोकं फिरलंय. म्हणून कोणाला सांगितलं नव्हतं.

सांगायची वेळ आली ती मुलीमुळे. ती म्हणाली, "आई, दिवाळीला येते तेव्हा नवीन लॅपटॉप घेऊन येते. तो जुना डबा भंगारात देऊन टाकू. पडद्यावर रेघा येतात म्हणालीस ना?" म्हटलं, "त्यात बाबांचा डाव आहे."

मग हळूच म्हणाली, "कुठला डाव?" आणि मग मी सगळं सांगितलं. सत्ती, अठ्ठी, सगळं. फोनवर आम्ही दोघी रडलो, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

डोळे पुसून झाल्यावर ती आपल्या कामाच्या आवाजात म्हणाली, "सोपं आहे. तू अ‍ॅडमिन आहेस. बाबांचा पासवर्ड तू बदलू शकतेस. नवीन टाक आणि जा आत."

"नाही."

"अगं, दोन मिनिटांचं काम आहे."

"नाही म्हटलं ना. माणूस नाहीये म्हणून त्याच्या कपाटाचं कुलूप तोडायचं? एवढी एकच गोष्ट ठेवली होती त्यांनी स्वतःची. ती नाही बदलायची मी."

भाजी आणायला भाईंदरला गेले होते तेव्हा केबिन रोडच्या त्या दुकानातही विचारून बघितलं. तो म्हणाला, "अंकल का पासवर्ड उड़ा देते हैं काकी, नहीं तो पूरा फॉर्मेट मारते हैं, नया कर देते हैं." मी म्हटलं, राहू दे रे बाबा, तू नको काही मारूस. आणि मेथीच्या दोन जुड्या घेऊन घरी आले.

मुलगी माझीच. तिलाही चैन पडलं नसणार. रविवारी दुपारी तिचा फोन आला. "आई, एक रस्ता आहे. तू तुझ्या खात्यातच राहायचं. बाबांच्या खात्यात शिरायचं नाही, पासवर्डला हात लावायचा नाही. तिथूनच मशीनला सांगायचं, की हा एक खेळ तेवढा बाबांच्या नावाने उघड. तुझ्या पडद्यावर, पण बाबांचा म्हणून."

"असं होतं?"

"अ‍ॅडमिनला करता येतं. टेबलाशी बस. फोन स्पीकरवर टाक."

मी हात धुऊन, केस सारखे करून बसले. का सारखे केले, देव जाणे.

तिने काळी खिडकी उघडायला लावली, जिच्यात नुसतं टाईप करतात. मग व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ पाठवली. आधी सुडो, म्हणजे अ‍ॅडमिनचा हुकूम. मग ज्याच्या नावाने उघडायचं तो माणूस, मग खेळाचं नाव. त्या ओळीत ह्यांचं नाव होतं. तिनं सहज लिहिलं होतं, लेकीला काय. मी एकेक अक्षर बघत टाईप केलं. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांचं नाव मी उखाण्याशिवाय लिहीत होते, आणि बोलायची सोय नाही कारण फोन चालू. एंटर मारला. पासवर्ड मागितला, माझा. टाईप करतेय तर काही उमटेचना. म्हटलं, की-बोर्ड गेला. "उमटत नाही तिथे, आई. तू टाईप कर." केला. तर इंग्रजीत काहीतरी ठणकावलं.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, असा माणूसच नाही इथे."

"असं कसं? नीट टाईप केलंस का?"

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अगं बाई! तिथे ते नाव कुठे होतं? नाव तर मीच ठेवलं होतं. "अगं," मी म्हटलं, "तिथे बाबांचं नाव नाही टाकलेलं."

"मग काय टाकलंय?"

मी सांगेना. ती विचारणार नाही तर काय करील. शेवटी म्हटलं, "अहो."

"काय?"

"अहो टाकलंय. ए, एच, ओ."

पलीकडे आवाज बंद. मला वाटलं फोन कट झाला. मग ऐकू आलं, पोरगी हसत होती. बापासारखीच, आवाज न करता आधी, आणि मग एकदम फुटून. "आई! लिनक्सवर! युजर अहो!" बराच वेळ तिला बोलताच येईना. मीही हसले. ते गेल्यापासून आम्ही दोघी एकत्र तशा हसलोच नव्हतो.

मग नाव बदलून पुन्हा एंटर. या वेळी माणूस सापडला, पण खेळ उघडेना. पडदा उघडता येत नाही, परवानगी नाही, असं काहीतरी इंग्रजीत.

"आता काय?"

"आता असं बघ," मुलगी म्हणाली. "तुमच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन आहे ना? कोणी आलं की इंटरकॉमवर विचारतो, मॅडम, भेजूँ क्या? तसंच आहे. आत्ता पडदा तुझा आहे, कारण तू आत बसलीयेस. बाबांच्या नावाने कोणीतरी दाराशी आलंय आणि म्हणतंय मला या पडद्यावर चित्र काढू द्या. पडदा म्हणतोय, मी ह्यांना ओळखत नाही. तू सांगायचं, आपलेच आहेत, सोड."

"सोड म्हणावं की!"

"सांगते. काही लोक आळस करतात आणि पडदा सगळ्यांनाच मोकळा करून टाकतात, कोणीही या. तसं नाही करायचं. फक्त एकाच माणसाला सोडायचं."

तिने दुसरी ओळ पाठवली. मधे मधे दोन दोन टिंबं, अधिकचं चिन्ह, शेवटी aho. माझ्या तीनदा चुका झाल्या. एक टिंब राहिलं, मग अधिक राहिलं, मग पडद्यावरच्या त्या मेल्या रेघेमुळे मला एल आणि आय सारखंच दिसलं. चौथ्यांदा मशीनने उत्तर दिलं, की aho ह्यांना आत येण्याची परवानगी दिली आहे. मी ते दोनदा वाचलं. म्हटलं, या.

आणि पहिली ओळ पुन्हा दाबली, आणि खिडकी उघडली. खरंच उघडली! वर पट्टीवर खेळाचं नाव आणि पुढे कंसात, aho म्हणून. माझ्या पडद्यावर ह्यांची खिडकी. आणि खाली बघते तर नवा डाव. हिरवा रंग, परके पत्ते.

"गेला," मी म्हटलं. "गेला गं डाव. काहीतरी पुसलं आपण."

"थांब, थांब. रडू नकोस. खिडकीत काय काय लिहिलंय, मला वरपासून खालपर्यंत वाचून दाखव."

मी चष्मा लावला आणि वाचलं. वरचं नाव, मेनूतले शब्द. अगदी खाली बारीक अक्षरात एक ओळ होती, तीही वाचली. हा डाव जिंकता येईल, अशा अर्थाचं इंग्रजी. "हे काय आता?"

"ते मशीन स्वतःच आतल्या आत पत्ते खेळून बघतं आणि सांगतं, डाव सुटणारा आहे की नाही. ते सोड. मला कळलं काय झालं. खेळ बाबांच्या नावाने उघडला, पण फायलींचं घर तुझंच धरून बसलाय. तुझ्या घरात शोधतोय, तिथे बाबांचा डाव कुठून सापडणार? त्याला सांगायला हवं, ह्यांच्या घरी जाऊन बघ. बंद कर. त्याच ओळीत आडवी रेघ आणि मोठा एच घाल."

घातला. एंटर मारायच्या आधी मी जरा थांबले. आत्ता नाही आला, तर मग कुठेच नाही, हे मला माहीत होतं. मग मारला.

चॉकलेटी रंग आला. मोठे मोठे पत्ते आले, पाठीवर मोर असलेले. ह्यांनीच निवडले होते, मी म्हटलं होतं लग्नपत्रिकेसारखे दिसतात. मेनूतले शब्द मराठीत, कारण ह्यांनी ते मराठी करून घेतले होते. आणि तिसऱ्या रांगेत किल्वरची सत्ती. त्या टोकाला बदामची अठ्ठी, उघडी. सगळं जसंच्या तसं. मी पडद्याला हात लावला. फडकं मारताना लावायचे तसा नाही.

"आला?" मुलीने विचारलं.

मी नुसतं हं केलं. मला वाटलं, चला, आता ती सत्ती उचलावी, ह्यांना नाही सुचलं ते मी करून दाखवावं. माऊस धरला सुद्धा. आणि आत्ताच वाचायची सवय लागली होती म्हणून नजर खाली गेली, त्या बारीक ओळीवर. मराठीत होती. हा डाव आता जिंकता येणार नाही.

मी पुन्हा वाचलं. मग मोठ्याने म्हटलं, "लबाड माणूस!"

"काय झालं, आई?"

मी तिला वाचून दाखवलं. इतक्या दुपारी मी त्या खुर्चीमागे उभी राहिले, ती ओळ मला कधी दिसली नाही. चष्मा माझा ओट्यावर, आणि ह्यांचा खांदा मधे. ह्यांना मात्र रोज दिसत होती. एरवी डाव अडला की हे एक क्षण थांबायचे नाहीत. "मेला हा," म्हणायचे आणि फटकन नवा लावायचे. मला वाटायचं, काय हुशार माणूस, बघताक्षणी कळतं. आणि हाच डाव तेवढा धरून बसले होते, दिवसेंदिवस. विचार करू दे, विचार करू दे. कसला विचार करत होते? सत्ती उचलली काय आणि न उचलली काय, काही होणार नव्हतं.

"मग बाबांनी नवीन का नाही लावला?" मुलगी म्हणाली.

"मला काय विचारतेस?"

मग म्हणाली, "आई, तेव्हा तू रोज येऊन किती वेळ भांडायचीस?"

"अर्धा अर्धा तास. सोडवतच नव्हते ना ते. रागच यायचा मला."

"हं," ती म्हणाली.

मी तिला सांगितलं, लॅपटॉप आण हवा तर, पण हे मशीन इथून हलणार नाही. ती म्हणाली, नाही हलवत. फोन ठेवला. मी सत्तीला हात लावला नाही. चहाही टाकला नाही. बसून राहिले तिथेच, ह्यांच्या खुर्चीत, आणि मला दवाखाना आठवायला लागला.

रिपोर्ट आले तेव्हा डॉक्टरांनी ह्यांना एकट्यालाच आत बोलावलं होतं. मी खाली औषधांच्या रांगेत होते. वर आले तर हे हसत होते, "काही नाही गं, ठेवतील थोडे दिवस." मग मी रोज खाटेशेजारी उभी राहून सांगत राहिले. वसईला एक वैद्य आहेत, त्यांच्याकडे जाऊ. माझ्या बहिणीच्या ओळखीचे मोठे डॉक्टर आहेत, त्यांना दाखवू. गावच्या देवीला नवस बोलते. आणि प्रत्येकाला ह्यांचं एकच. "हो, बघू. घाई करू नकोस. विचार करू दे." मी चिडायचे. म्हणायचे, कसला विचार करताय, दिवस चाललेत! भेटायची वेळ संपली की सिस्टर यायची मला बाहेर काढायला, तर तिला म्हणायचे, "राहू द्या ना हो पाच मिनिटं. हिचं बोलायचं राहिलंय अजून." सगळा वॉर्ड हसायचा. मला वाटायचं माझी चेष्टा करतात.

रात्र मी बाहेरच्या बाकावर काढायचे, आणि सकाळ झाली की हे मला घरी पिटाळायचे. "जा, तुझ्या डब्यांची पोरं उपाशी राहतील. जा, मी काही पळून जात नाही." मी जायचे. पोळ्या लाटायचे, डबे भरायचे, आणि धापा टाकत परत यायचे. शेवटच्या सकाळीही मी पोळ्याच लाटत होते.

तुम्हाला ठाऊक होतं ना हो. तेव्हाही ठाऊकच होतं. मला एकदा सांगायचं होतंत. बोलणं काही मी थांबवलं नसतं, तुम्ही ओळखता मला. पण मी डबे करायला घरी गेले नसते.